क्ष बरोबर ३ पाशी काय होतं?

दहावीचा निकाल घेऊन मी २०२४ च्या जूनमध्ये न्यू जर्सीला आले. बाबा दीड वर्ष आधीच आले होते. शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा काउन्सिलरबाईंनी माझी गुणपत्रिका दोनदा उलटसुलट पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं, गणित, शंभरपैकी चौऱ्याण्णव. त्यांनी विचारलं, "हे कुठलं गणित?"

मला प्रश्नच कळला नाही. गणित म्हणजे गणित. पण इथल्या शाळांत दर वर्षाच्या गणिताला वेगळं नाव असतं. आधी अल्जेब्रा वन, मग जॉमेट्री, मग अल्जेब्रा टू, त्यानंतर प्रीकॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस, म्हणजे आपलं कलन. एक पायरी झाल्याशिवाय पुढची मिळत नाही. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दरवर्षी जोडीनं चालतात, थोडं थोडं पुढे सरकतात, आणि गुणपत्रिकेवर एकच आकडा येतो. त्या आकड्यावरून माझं अल्जेब्रा टू झालंय की नाही, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता.

न्यू जर्सीत हायस्कूलच्या डिप्लोमासाठी, म्हणजे बारावी उत्तीर्ण व्हायला, निदान १२० क्रेडिट लागतात, त्यांतली १५ गणिताची, म्हणजे तीन वर्षांचं गणित. अल्जेब्रा वन आणि जॉमेट्री सक्तीचं, आणि त्यावर आधारलेलं आणखी एक वर्ष. प्रीकॅल्क्युलस कुणावरही सक्तीचं नाही. मला मात्र ते अकरावीतच हवं होतं, कारण बारावीत कॅल्क्युलस घ्यायचं होतं आणि पुढे इंजिनिअरिंग करायचं होतं. अकरावीत अल्जेब्रा टूला बसले असते तर बारावीत प्रीकॅल्क्युलसवरच थांबावं लागलं असतं. बाबांनी हे सगळं मोडक्यातोडक्या शब्दांत समजावलं, आणि बाई म्हणाल्या, "ठीक आहे, परीक्षा घेऊ."

ती परीक्षा अल्जेब्रा टूच्या वार्षिक पेपरसारखी होती. वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, निर्देशक भूमिती हे सगळं हातचं होतं. बहुपदींचा भागाकार आला तेव्हा नववीतली संश्लेषक पद्धत आठवली आणि ते गणित इतक्या झटपट सुटलं की मी पुन्हा तपासलं. पण लॉगरिदमचे पाच प्रश्न मी कोरे सोडले. ऋण संख्येचं वर्गमूळ आम्हाला "वास्तव संख्या नाही" असं म्हणून तिथेच थांबवायला शिकवलं होतं, इथे त्याच्या पुढे जायचं होतं. आणि फल, म्हणजे क्ष घातला की एक ठरलेली किंमत देणारा नियम, ज्याला इथे फंक्शन म्हणतात, ते तर मी चिन्हानंही ओळखत नव्हते. एफ, कंसात क्ष, असं लिहिलेलं दिसलं तेव्हा मला तो एफ आणि क्षचा गुणाकार वाटला.

मग असं ठरलं, की उन्हाळ्यात शाळेनं दिलेला सरावसंच पूर्ण करायचा, सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा एक चाचणी द्यायची, आणि तीत उतरले तरच वर्गात राहायचं. तेव्हा मला वाटलं अट कडक आहे. आज मी तीच अट दुसऱ्या कुणालाही घातली असती. लॉगरिदम येत नसेल तर तो धडा शिकता येतो. पण अपूर्णांक, कंस आणि घातांक हाताखालून आपोआप जात नसतील, तर प्रीकॅल्क्युलसमध्ये नवीन काही ऐकूच येत नाही, कारण सगळं लक्ष जुन्या आकडेमोडीत अडकतं. वर्गात पुढे जे मागे पडले त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचं गाडं नव्या धड्यावर अडलेलं नव्हतं. क्ष अधिक ४ भागिले ४ यातले दोन्ही चार काटून टाकण्यावर ते अडलं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी दोन पानी पत्रक वाटलं. त्यात वर्षभराच्या अपेक्षा होत्या आणि खाली माझी व पालकांची सही हवी होती. ग्राफिंग कॅल्क्युलेटर, शक्यतो टीआय-८४. तीन कड्यांचा बाइंडर, चार विभाग. पेन्सिलीनंच लिहायचं. गृहपाठाला १० टक्के, छोट्या चाचण्यांना ३० आणि मोठ्यांना ६०. वर्षाचे चार भाग, आणि प्रत्येक भागात एकच चाचणी पुन्हा देता येईल, तीही चुकांची दुरुस्ती लेखी दिल्यावर. मंगळवारी आणि गुरुवारी शाळा भरायच्या आधी सर वर्गात असतील, कुणीही यावं. आणि ठळक अक्षरांत एक ओळ होती, कारण न देता लिहिलेल्या बरोबर उत्तराला पूर्ण गुण मिळणार नाहीत.

आईनं ती ओळ वाचून विचारलं, "म्हणजे पायऱ्या दाखवायच्या ना? ते तर तू करतेसच."

मीही तेच समजले. पक्ष, साध्य, सिद्धता लिहून भूमितीची प्रमेयं सोडवलेली मुलगी मी, पायऱ्यांची सवय होतीच. आम्ही दोघींनी सही केली.

कॅल्क्युलेटरची किंमत शंभर डॉलरच्या वर होती. बाबा घ्यायला निघाले होते, पण सरांनीच सांगितलं की ग्रंथालयातून वर्षभरासाठी उसना मिळतो. ही गोष्ट पत्रकात सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत होती. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक घराला ती पहिल्या ओळीत सांगितली पाहिजे, असं मला अजूनही वाटतं. मला जो मिळाला त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ११७ असं लिहिलं होतं.

पहिला तास मला आजही लख्ख आठवतो. सरांनी फळ्यावर तीन भांडी काढली. एक सरळ नळकांडं, एक टोक खाली असलेला शंकू, आणि एक खाली फुगीर, वर निमुळत्या मानेची सुरई. म्हणाले, नळाची धार सारखी आहे. वेळ जाईल तशी पाण्याची उंची कशी वाढेल, त्याचा आलेख काढा.

मी आकड्यांची वाट पाहत बसले. त्रिज्या किती? धार मिनिटाला किती लिटर? शेवटी हात वर करून विचारलं. सर म्हणाले, "आकडे नाहीत. काय होतंय ते बघ."

नळकांड्याची सरळ रेषा जमली. शंकूपाशी पेन्सिल थांबली. मग डोळ्यांपुढे पाणी भरायला लागलं. सुरुवातीला तळ अरुंद, म्हणून पाणी भराभर चढतं. वर जाल तसं भांडं रुंद होतं, तेवढ्याच पाण्यानं उंची कमी कमी वाढते. म्हणजे आलेख चढतच राहतो, पण चढ मंदावत जातो. मी तसा काढला. सर बाकापाशी येऊन म्हणाले, "आता हे वाक्यात लिही." त्या एका वाक्याला मला दहा मिनिटं लागली. उंची वाढते आहे आणि उंची वाढण्याचा दर कमी होतो आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतात, हे मी त्याआधी कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. कॅल्क्युलस ज्याच्यावर उभं राहतं ते हेच, आणि हा आधीचा वर्ग असतो तो मुख्यतः याचसाठी.

सप्टेंबरची ती दुसरी चाचणी मी पार केली. वर्गातली जागा पक्की झाली. आणि मग ऑक्टोबरात पहिली मोठी चाचणी आली.

त्यात एक फल होतं, क्ष वर्ग उणे ९ भागिले क्ष उणे ३. त्याचा आलेख काढा, वर्णन करा. मी अवयव पाडले, वरचा आणि खालचा क्ष उणे ३ काटला, क्ष अधिक ३ उरलं. सरळ रेषा काढली, उतार १, खाली नीट पायऱ्या लिहिल्या. सहापैकी तीन गुण. समासात सरांनी लाल शाईनं एकच प्रश्न लिहिला होता, "क्ष बरोबर ३ पाशी काय होतं?"

मी रागावले होते, खरं सांगते. उत्तर बरोबर असताना गुण का कापले? मंगळवारी सकाळी सात वाजता वर्गात गेले. सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मूळ फलात ३ घालून बघ." घातले. वर शून्य, खाली शून्य. "आता तुझ्या उत्तरात घाल." सहा. "मग ही दोन्ही एकच आहेत का?"

एकच नव्हती. इतर सगळीकडे ती एक होती, फक्त ३ पाशी नव्हती. मूळ फलाच्या आलेखात तिथे एक छिद्र आहे, (३, ६) या ठिकाणी, एकाच बिंदूएवढं. मी क्ष उणे ३ काटलं तेव्हा ते छिद्र बुजवून टाकलं आणि बुजवल्याची नोंदही ठेवली नाही. दहावीत "क्षची किंमत ३ नाही" अशी अट पुस्तकात कंसात असायची. ती आम्ही उतरवून घ्यायचो, ती काय राखून आहे ते कधी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "पण एका बिंदूनं काय बिघडतं?" सर म्हणाले, ३ च्या दोन्ही बाजूंनी जवळ जवळ जात राहा आणि फलाची किंमत कशाकडे जाते ते लिहून काढ. मी २.९, २.९९, २.९९९ घातले, मग ३.१, ३.०१. उत्तरं ५.९, ५.९९, ५.९९९, ६.१, ६.०१ आली. दोन्हीकडून सहाकडेच चाललेली, आणि नेमकं तीनवर काहीच नाही. पुढच्या वर्षी कॅल्क्युलसमध्ये सीमा, म्हणजे लिमिट, शिकताना पहिल्याच आठवड्यात मला हेच पुन्हा भेटलं, आणि वर्गातली कितीतरी मुलं तिथे अडली तेव्हा मला सातची ती सकाळ आठवत होती.

पत्रकातल्या ठळक ओळीचा अर्थ मला त्या दिवशी लागला. कारण द्या म्हणजे नुसत्या पायऱ्या दाखवा असं नव्हे. पायऱ्यांतून मी काय केलं ते कळतं. यांना हवं होतं ते, फल काय करतंय. मी दहा वर्षं "क्षची किंमत काढा" हेच करत आले होते. क्ष सापडला की गणित संपायचं. इथे क्ष हरवलेलाच नव्हता. तो डावीकडून उजवीकडे चालत होता आणि मला त्याच्याबरोबर चालायचं होतं. कुठे चढ, कुठे उतार, चढ वाढतोय की मंदावतोय, कुठे तुटलं, फार लांब गेल्यावर कशाच्या जवळ जातंय. हे सांगायला शब्द लागतात आणि माझे शब्द मराठीत होते. अनंतस्पर्शी, म्हणजे आलेख जिच्या जवळ जवळ जात राहतो ती रेषा, म्हटलं की मला चित्र दिसायचं, असिम्प्टोट म्हटलं की नुसता आवाज ऐकू यायचा. म्हणून बाइंडरच्या शेवटच्या पानावर मी दोन रकाने केले. प्रांत, बहुपदी, एकक वर्तुळ, घातांकी फल, आणि समोर इंग्रजी शब्द. ती वही अजून माझ्याकडे आहे.

चुकांची लेखी दुरुस्ती हा प्रकार मला आधी शिक्षेसारखा वाटला होता. नुसतं बरोबर उत्तर लिहून चालत नसे. मी काय समजत होते, ते का चुकलं आणि आता काय समजते, अशी तीन वाक्यं प्रत्येक चुकीला. पहिल्या वेळी मी सगळीकडे "गडबडीत चूक झाली" असं लिहिलं आणि सरांनी कागद परत दिला. त्यानंतर मी खरं लिहायला लागले. मनावर घेऊन ती दुरुस्ती करणाऱ्यांपैकी कुणी नापास झालेलं मी पाहिलं नाही.

घातांकी आणि लॉगरिदमी फलं मध्ये येऊन गेली. उन्हाळ्यातला सरावसंच तिथे कामी आला, आणि त्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. खरी कसोटी जानेवारीत आली, त्रिकोणमितीची.

दहावीत त्रिकोणमिती म्हणजे काटकोन त्रिकोण, ० ते ९० अंश, आणि झाडाची किंवा दीपगृहाची उंची. इथे त्रिकोण एका आठवड्यात मागे पडला आणि एकक वर्तुळ, म्हणजे १ त्रिज्येचं वर्तुळ, आलं. त्यावरचे १६ बिंदू, प्रत्येकाचा कोन अंशांत आणि रेडियनमध्ये, आणि दोन्ही निर्देशक, हे सगळं कोऱ्या वर्तुळावर आठ मिनिटांत भरायचं, पैकीच्या पैकी मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा. मला तिसऱ्या खेपेला जमलं. पाठांतरानं पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. पहिल्या चतुर्थकातले तीनच बिंदू पक्के करून बाकीचे आरशासारखे उलटवायचे हे लक्षात आलं तेव्हा काम झालं.

रेडियन मात्र गळी उतरेना. ३६० अंश इतके सोयीचे असताना हे पाय (π) भागिले ६ कशाला? सरांनी दोरीचा तुकडा दिला. वर्तुळाच्या त्रिज्येएवढी दोरी काप आणि परिघावर पसर. तेवढ्या कंसासमोरचा कोन म्हणजे एक रेडियन, साधारण ५७.३ अंश. म्हणजे कोन मोजायचा तो त्रिज्येच्याच मापानं.

त्या रविवारी आजोबांशी फोनवर बोलताना हे सांगितलं. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "अगं, आर्यभटाच्या ज्या-कोष्टकात शेवटची ज्या किती येते, पाहा." ज्या म्हणजे आपली साइन, आणि शेवटची, ९० अंशांची ज्या त्रिज्येएवढी असते. पाहिलं, ३४३८. आर्यभटीय इ. स. ४९९ च्या सुमाराचं. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला, त्यांना दोन पायनं भागलं की ३४३७.७५ येतात. म्हणजे त्यानं त्रिज्याही कलांतच मोजली होती, कंस ज्या मापात त्याच मापात. कोष्टकातली पहिली ज्या २२५ आणि तिचा कंसही २२५ कला. लहान कोनाला कंस आणि ज्या जवळजवळ सारखे असतात, हे त्या एका ओळीत दिसतं, आणि ते दिसण्यासाठी दोघांचं माप एकच असावं लागतं. रेडियन का, याचं उत्तर मला तिथे मिळालं. साइन हा शब्दसुद्धा आपल्या ज्यावरूनच गेलेला आहे. अरबीत जीबा झाला, तिथे जैब असा वाचला गेला, आणि जैबचा अर्थ घेऊन लॅटिनमध्ये सायनस. सोमवारी मी हे सरांना सांगितलं आणि त्यांनी मला फळ्यापाशी बोलावून वर्गाला सांगायला लावलं. त्या वर्गात मी आपणहून पाच मिनिटं बोलले, ती पहिलीच वेळ.

तरी मार्चच्या चाचणीत माझं एक गणित पार बुडालं. समुद्राच्या भरती-ओहोटीचं होतं. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं, मध्यरेषेपासून वरखाली २ फूट. समीकरण मी बरोबर मांडलं, कॅल्क्युलेटरवर आलेख काढला आणि त्याच्यावरून उत्तरं लिहिली. आलेखात २४ तासांत पाणी जेमतेम अर्धा फूट चढत होतं आणि उतरतच नव्हतं. समीकरण रेडियनमधलं होतं, आणि आदल्या तासाला भौतिकशास्त्रासाठी मी कॅल्क्युलेटर अंशांवर टाकला होता. चूक बटणाची होती, पण पुढची तीन वाक्यं मी लिहिली होती. दोन भरत्या प्रश्नातच दिलेल्या असताना, एकदाही न उतरणारा समुद्र मी कागदावर मान्य केला होता. दुरुस्तीच्या कागदावर मी तेच लिहिलं.

आमचा वर्ग एपीचा, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचा होता. शाळेतच शिकायचा कॉलेजच्या तोडीचा अभ्यासक्रम, आणि वर्षाच्या शेवटी कॉलेज बोर्डाची परीक्षा. एपी प्रीकॅल्क्युलस २०२३-२४ मध्ये सुरू झालं, आमची दुसरीच तुकडी. अभ्यासक्रमाचे चार भाग, पण परीक्षा पहिल्या तिनांवर. बहुपदी आणि परिमेय फलं, घातांकी आणि लॉगरिदमी फलं, त्रिकोणमितीय आणि ध्रुवीय फलं. चौथा भाग, सदिश आणि सारण्यांचा (व्हेक्टर आणि मॅट्रिक्स), शाळेनं हवा तर शिकवायचा. सरांनी परीक्षेनंतरच्या आठवड्यांत थोडा शिकवला.

परीक्षा तीन तासांची. आधी २८ बहुपर्यायी प्रश्न ८० मिनिटांत कॅल्क्युलेटरशिवाय, मग १२ प्रश्न ४० मिनिटांत कॅल्क्युलेटरसह. त्यानंतर चार लेखी प्रश्न, प्रत्येकी सहा गुणांचे, दोन कॅल्क्युलेटरसह आणि दोन त्याच्याविना, अर्धा अर्धा तास. बहुपर्यायींचं वजन ६२.५ टक्के, लेखींचं ३७.५. लेखी चारांचा साचा ठरलेला असतो. पहिला फलांच्या संकल्पनांवर, दुसरा पुनरावर्ती नसलेल्या घटनेवर, तिसरा पुनरावर्ती घटनेवर, चौथा शुद्ध बैजिक रूपांतरावर. तिसऱ्यात एका आवर्तनावरच्या पाच बिंदूंचे निर्देशक द्यायचे, समीकरणाचे चार स्थिरांक काढायचे, आणि मग एका तुकड्यावर फल वाढतंय की घटतंय, आणि बदलाचा दर वाढतोय की घटतोय, ते सांगायचं. शंकूच्या भांड्याचाच प्रश्न, दुसऱ्या कपड्यांत.

जुलैत निकाल आला, पाचापैकी चार.

त्याआधी जूनमध्ये, शाळेच्या शेवटच्या आठवड्यात, सरांनी बारावीच्या कॅल्क्युलससाठी माझ्या फॉर्मवर शिफारशीची सही केली. मी ११७ नंबरचा कॅल्क्युलेटर परत करायला ग्रंथालयात गेले. परत देताना सगळं पुसून मूळ स्थितीत आणायचं असतं, तसं केलं. मग मोडचा पडदा उघडून पाहिला. टीआय-८४ मूळ स्थितीत रेडियनवर येतो. तो रेडियनवर होता. ग्रंथपालबाईंनी वहीत नंबर खोडला आणि मी समोर सही केली.